नववी सिम्फनी आणि लयीचा वाद: १८२४ पासूनची पार्श्वभूमी

बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीवर जीव टाकणारे दोन रसिक एकत्र आले की बोलणं लवकरच लयीवर येतं. तिची तिसरी मूव्हमेंट (म्हणजे तिसरा भाग), ती संथ, गाती, वाद्यवृंदाचा संचालक (कंडक्टर) विल्हेल्म फुर्टवेंगलरच्या १९५१ च्या मुद्रणात सुमारे साडेएकोणीस मिनिटं चालते. तीच संचालक रॉजर नॉरिंग्टन यांच्या १९८७ च्या मुद्रणात अकरा मिनिटांच्या आसपास संपते. स्वर तेच, वाद्यं जवळपास तीच, एकही ओळ गाळलेली नाही. एकाच ख्यालाची बंदिश दोन गायकांनी दोन लयींत मांडली तर आपल्याला नवल वाटत नाही, कारण लय ठरवणं हा तिथे गायकाचा अधिकार असतो. इथे मात्र रचनाकाराने लय आकड्यात लिहून दिलेली आहे. तरीही इतका फरक पडतो, याची मुळं शोधायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

सिम्फनीच्या शेवटी गायली जाणारी, जर्मन कवी शिलरची आनंदावरची कविता १७८५ सालची. बीथोव्हनच्या मनात ती विशीपासून घर करून होती. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नातल्या एका कडाक्याच्या थंडीतल्या, चार तास लांबलेल्या मैफलीत त्याने पियानो, वाद्यवृंद आणि कोरस (गायकवृंद) यांच्यासाठी एक फँटसी, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना, सादर केली. तिची मुख्य सुरावट ऐकली की नवव्या सिम्फनीच्या शेवटाची चाहूल लागते. पुढे १८२२ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने नव्या सिम्फनीसाठी ५० पौंड देऊ केले आणि कामाला गती आली. १८२४ च्या सुरुवातीला ती पुरी झाली.

७ मे १८२४ रोजी व्हिएन्नाच्या केर्न्टनरटोर नाट्यगृहात ती पहिल्यांदा वाजली. त्याच कार्यक्रमात एक ओव्हर्चर (आरंभी वाजवायची वाद्यरचना) आणि त्याच्याच ‘मिस्सा सोलेम्निस’ या चर्चसंगीताच्या रचनेचे तीन भागही होते. चर्चमधलं संगीत नाट्यगृहात गाण्याला आडकाठी असल्यामुळे जाहिरातीत त्यांना ‘स्तोत्रं’ म्हटलं होतं. बीथोव्हनला तोवर जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तो मंचावर उभा राहून लय दाखवत होता, पण वादकांना संचालक मिखाएल उमलाउफकडे बघायची सूचना होती. टाळ्यांचा कडकडाट त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, तेव्हा वीस वर्षांच्या कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला हलकेच श्रोत्यांकडे वळवलं. ही गोष्ट सगळे सांगतात आणि ती सांगण्यासारखीच आहे. मला मात्र त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की सगळ्या वादक-गायकांना घेऊन तालमी झाल्या त्या फक्त दोन, आणि वाद्यवृंदात हौशी मंडळीही बरीच होती. एवढी अवघड रचना इतक्या तयारीत वाजली. तेव्हा ‘पहिल्या प्रयोगातली अस्सल लय’ असं काही हाती लागेल, ही आशाच सोडलेली बरी.

हाती आहेत ते आकडे. मेल्त्सेलने मेट्रोनोमचं, म्हणजे मिनिटाला ठरावीक ठोके देऊन लय दाखवणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं १८१५ मध्ये, आणि बीथोव्हन त्या यंत्रावर अगदी खूश झाला. १८१७ मध्ये त्याने पहिल्या आठही सिम्फनींच्या लयी लाइपझिगच्या संगीतपत्रात आकड्यांत छापून दिल्या. अलेग्रो (द्रुत), अंदांते (चालीच्या लयीत) या शब्दांनी लयीचा नेमका बोध होत नाही, ते सोडून द्यावेत, असंही त्याने त्या वर्षीच्या एका पत्रात लिहिलं. नवव्या सिम्फनीचे आकडे ठरले १८२६ मध्ये. पुतण्या कार्लने ते टिपून घेतले. बर्लिनमध्ये सिम्फनीचं जोरदार स्वागत झालं, तेव्हा त्याचं बरंचसं श्रेय मेट्रोनोमच्या आकड्यांना आहे, असं बीथोव्हनने माइंत्सच्या शॉट या प्रकाशकांना कळवलं. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा?

पण त्याच माणसाने १८१७ मध्ये एका गीताच्या हस्तलिखितावर लय १०० अशी लिहून पुढे जोडलं होतं की हा आकडा फक्त पहिल्या काही मात्रांपुरता, कारण भावनेचीही आपली एक लय असते. दोन्ही बाजूंचे वकील या एकाच माणसाला साक्षीला बोलावतात आणि दोघांनाही तो निराश करत नाही.

आता ती संथ मूव्हमेंट. मुख्य सुरावटीला ‘अदाजो’ (संथ) असं लिहून आकडा दिलाय मिनिटाला ६० मात्रांचा, म्हणजे सेकंदाला एक. तिच्यानंतर येणारी दुसरी सुरावट ‘अंदांते’, आणि तिचा आकडा ६३. शब्द वाचले तर दोन वेगळ्या लयी, आकडे वाचले तर जेमतेम फरक. संथ वाजवणारे इथेच बोट ठेवतात: आकडा खरा मानला तर अदाजो आणि अंदांते यांतला उघड भेदच पुसला जातो. या मुद्द्यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकाने यातून वाट काढली ती शब्दांच्या बाजूने, आणि त्या निवडीवर सर्वांत मोठी छाप रिचर्ड वॅग्नरची.

वॅग्नरने ही सिम्फनी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीच्या वाद्यवृंदाकडून १८३९ मध्ये ऐकली. फ्रान्स्वा अबनेकने ती तिथे १८३१ मध्येच सादर केली होती आणि वर्षानुवर्षं घासून पक्की करवून घेतली होती. प्रत्येक ओळ गाण्यासारखी वाजवायची, हे वॅग्नर तिथे शिकला. १८४६ मध्ये त्याने ड्रेस्डेनला ती स्वतः कंडक्ट केली आणि १८७२ मध्ये बायरॉइट इथल्या आपल्या नाट्यगृहाची कोनशिला बसवतानाही तीच वाजवली. वाद्यवृंद-संचालनावरच्या त्याच्या १८६९ च्या लेखनात एक विधान आहे, ज्याने पुढच्या शंभर वर्षांचं वळण ठरवलं: शुद्ध अदाजो, एका नाजूक अर्थाने, कितीही संथ घेतला तरी जास्त संथ होत नाही. मेट्रोनोमवर त्याचा भरवसा नव्हता. पुढच्या जर्मन संचालकांच्या पिढ्या या विचारावर पोसल्या गेल्या.

ध्वनिमुद्रण आलं ते या परंपरेच्या ऐन भरात. मायक्रोफोन येण्याआधी वादकांना एका भोंग्यासमोर दाटीवाटीने बसवत, आणि खर्जातली तंतुवाद्यं तबकडीवर उमटत नसत म्हणून त्यांच्या जोडीला किंवा जागी ट्यूबा वाजवत. अशा पद्धतीने १९२३ मध्ये ब्रूनो झाइडलर-विंकलरने बर्लिनमध्ये नववी सिम्फनी संपूर्ण मुद्रित केली. हे धाडसच होतं. बाराइंची तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटं मावत, म्हणजे सात-आठ तबकड्या आणि मध्ये मध्ये तुटणारी सुरावट. तीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल बसवताना आपल्या गायकांची जी ओढाताण झाली, ती आठवावी. १९२५ पासून विद्युत मुद्रण आलं. त्या काळातलं फेलिक्स वाइनगार्टनरचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं १९३५ चं मुद्रण आजही ताजं वाटतं. ते तासाभराच्या आसपास संपतं, त्यात कुठे रेंगाळणं नाही. सगळी जर्मन परंपरा संथ होती, असं म्हणणाऱ्यांनी ते आवर्जून ऐकावं.

१९४८ मध्ये लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली आणि अख्खी संथ मूव्हमेंट न तुटता ऐकता येऊ लागली. २९ जुलै १९५१ रोजी युद्धानंतर बायरॉइटचा महोत्सव पुन्हा सुरू झाला तो नवव्या सिम्फनीनेच, आणि कंडक्टर होता फुर्टवेंगलर. याच फुर्टवेंगलरने १९४२ मध्ये बर्लिनमध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी हीच सिम्फनी वाजवली होती. ते सत्य बाजूला सारून १९५१ चं मुद्रण ऐकता येत नाही आणि तसं ऐकूही नये. १९५४ मध्ये तो गेला, आणि त्यानंतर इएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने ते बाजारात आणलं. नंतर बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातली फीत प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्हींत फरक दिसला. इएमआयच्या मुद्रणात तालमीचे तुकडे जोडलेले असावेत, यावर वाद रंगला. २०२१ मध्ये स्वीडिश रेडिओने १९५१ मध्ये प्रक्षेपणासाठी घेतलेली फीतही बाहेर आली. मला स्वतःला रेडिओच्या फिती जास्त भावतात. तिथे खोकले ऐकू येतात, पहिल्या मूव्हमेंटची सुरुवात अंधारातून वर येते आणि शेवटची धाव वादकांच्या आवाक्याबाहेर जाते. त्या धावेत एक प्रकारचं बेभानपण आहे, जे कुठल्याही स्टुडिओत सापडलेलं नाही.

तोस्कानिनीने १९५२ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये केलेलं मुद्रण याच्या अगदी उलट आहे. तिसरी मूव्हमेंट चौदा मिनिटांच्या घरात, प्रत्येक रेघ ताणलेली आणि स्वच्छ. फ्रित्साय (१९५७-५८) आणि कारायान (१९६२) या बर्लिन फिलहार्मोनिकच्या दोन मुद्रणांनी स्टिरिओच्या पिढीला ही सिम्फनी दिली. कारायानचं घराघरांत पोचलं. मला त्यातली चमक कौतुकास्पद वाटते, पण ओढ वाटते ती फ्रित्सायची.

मोठ्या प्रसंगांना ही सिम्फनी हमखास काढली जाते, आणि त्याचाही लयीवर परिणाम होतो. १९८९ च्या नाताळात, बर्लिनची भिंत पडल्यावर, लेनर्ड बर्नस्टाइनने पूर्व बर्लिनमध्ये ‘आनंद’ या शब्दाजागी ‘स्वातंत्र्य’ गाऊन घेतलं. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी जपानमधल्या भूकंप-त्सुनामीनंतर महिन्याभराने, एप्रिल २०११ मध्ये, टोकियोत ती वाजवली. अशा वेळी संचालकाला पावलं जड टाकावीशी वाटणं स्वाभाविक आहे. सीडीचा आकार फुर्टवेंगलरच्या ७४ मिनिटांच्या नवव्या सिम्फनीवरून ठरला, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. फिलिप्सचे अभियंते केस इमिंक यांनी ती खोडून काढली आहे. त्यांच्या मते निर्णयामागे तांत्रिक आणि व्यापारी कारणं होती.

नॉरिंग्टन यांनी १९८७ मध्ये जुन्या घडणीच्या वाद्यांवर, बीथोव्हनचे आकडे समोर ठेवून ती मुद्रित केली तेव्हा पुष्कळांना ती चेष्टा वाटली. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये चौथ्या हॉर्नचा एक लांब एकल तुकडा आहे. व्हॉल्व्ह (स्वर बदलणाऱ्या कळा) नसलेल्या हॉर्नवर त्यातले काही स्वर भोंग्यात हात घालून काढावे लागतात, त्यामुळे काही स्वर मोकळे तर काही दबलेले येतात. आधुनिक हॉर्नवर तो तुकडा एकसंध, गुळगुळीत होतो. इथे त्याला चेहरा येतो. दुसरी जागा शेवटच्या मूव्हमेंटच्या आरंभाची. चेलो आणि बास शब्दांवाचून बोलू लागतात, तिथे बीथोव्हनने फ्रेंचमध्ये सूचना लिहिली आहे: बोलल्यासारखं, पण लयीत. फुर्टवेंगलर पहिला अर्धा भाग पाळतो. नॉरिंग्टन दुसरा पाळतात, आणि तिथे मला वाक्यं थोडी गुदमरल्यासारखी वाटतात. जॉन एलियट गार्डिनर यांनी नंतर हीच वाट जास्त मोकळेपणाने चोखाळली. तिसऱ्या मूव्हमेंटसाठी मी आजही १९५१ कडे जातो, शेवटच्या कोरससाठी गार्डिनरकडे.

१९९६ मध्ये जोनाथन डेल मार यांची संशोधित आवृत्ती आली, आणि छापील प्रतींत दीडशे वर्षं चालत आलेल्या चुका दुरुस्त झाल्या. झुरिकच्या टोनहाले वाद्यवृंदाबरोबर डेव्हिड झिनमन यांनी केलेल्या मुद्रणामुळे या आवृत्तीकडे अनेकांचं लक्ष गेलं. स्वरांचे प्रश्न बरेचसे मिटले, लयीचे नाहीत. टेनर गायकाच्या आधी तुर्की बँडच्या थाटाचा जो मार्च येतो, त्याचा आकडा ८४ आहे. नॉरिंग्टन तो शब्दशः पाळून मार्च चालीच्या लयीत घेतात, बाकी बहुतेक संचालक तो कितीतरी द्रुत वाजवतात, आणि तो आकडा नेमका कोणत्या स्वरमूल्याला (किती लांबीच्या स्वराला) लावायचा यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.