सेवा क्लब

सेवा क्लब : निरनिराळ्या व्यवसायांतील व्यक्तींनी स्वेच्छेने एकत्र येऊन ठरावीक दिवशी सभा भरवावी, आपसांत स्नेह वाढवावा आणि परिसरासाठी विनावेतन उपक्रम राबवावेत, अशा हेतूने स्थापन झालेली सभासद-संस्था. धर्मादाय संस्थेत पैसा देणारे आणि प्रत्यक्ष काम करणारे पुष्कळदा वेगळे असतात. येथे वर्गणी भरणारा, निधीसाठी लोकांकडे जाणारा आणि आरोग्य शिबिरात सकाळी खुर्च्या मांडणारा माणूस बहुधा एकच असतो. रोटरी, लायन्स आणि किवानिस ही या प्रकाराची सर्वपरिचित उदाहरणे होत.

सेवा क्लबांचे मूळ काही अभ्यासक एकोणिसाव्या शतकातील परस्पर-साहाय्य मंडळ्यांत, काही फ्रीमेसन (गुप्त विधी पाळणारा एक बंधुसंघ) धर्तीच्या बंधुसंघांत, तर काही व्यापारी मंडळांत शोधतात. बंधुसंघांचा वारसा अगदीच नाकारता येत नाही. किवानिसचे सुरुवातीचे नाव अशाच एखाद्या लॉजला (बंधुसंघाच्या शाखेला) शोभेलसे होते. तथापि गुप्त विधी, शपथा आणि पदव्यांची उतरंड यांपैकी सेवा क्लबांत फारसे काही उतरले नाही. व्यापारी मंडळांशी असलेले नाते अधिक जवळचे दिसते.

शिकागो येथे २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस या वकिलाने कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि शिंपीकामाचा व्यवसाय करणारे हायरम शोरी यांच्यासह बैठक घेतली. तीच पहिल्या सेवा क्लबची स्थापना मानली जाते. सभा आळीपाळीने सभासदांच्या कचेऱ्यांत भरत, म्हणून संस्थेस रोटरी, म्हणजे ‘फिरती’, हे नाव पडले. या क्लबच्या आरंभीच्या उद्दिष्टांत सेवा नव्हती, ही बाब प्रचारपर लेखनात हमखास सुटते. सभासदांच्या धंद्याची वाढ आणि स्नेहभाव एवढीच दोन कलमे होती. कोणी कोणाला किती काम दिले याची नोंद ठेवण्यासाठी क्लबने एक सांख्यिक नेमला होता. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाला सभासदत्व देऊ केले असता, केवळ आपापसांत फायदा वाटून घेणारी संस्था टिकणार नाही, असा आक्षेप त्याने घेतला. त्यानंतर शहराच्या हिताचे तिसरे कलम घटनेत आले. १९०७ च्या सुमारास क्लबने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधण्याची मागणी उचलून धरली. तोच रोटरीचा पहिला सेवाप्रकल्प समजला जातो.

किवानिसची वाटचाल याच वळणाची आहे. डेट्रॉइट येथे ॲलन ब्राउन यांच्या पुढाकाराने निघालेल्या या संस्थेला २१ जानेवारी १९१५ रोजी सनद मिळाली. तेव्हा तिचाही भर व्यावसायिक देवाणघेवाणीवर होता आणि संघटनेचे हक्क ब्राउन यांच्याकडे खासगी मालमत्तेसारखे होते. १९१९ च्या बर्मिंगहॅम (अलाबामा) अधिवेशनात सभासदांनी ते हक्क विकत घेतले आणि पुढे संस्था पूर्णपणे सेवेकडे वळली. नाव डेट्रॉइट परिसरातील मूलनिवासींच्या भाषेतील एका शब्दप्रयोगावरून घेतलेले आहे. ‘आम्ही व्यापार करतो’, ‘आम्ही गलका करतो’, ‘आम्ही आमचे गुण वाटून घेतो’ असे त्याचे निरनिराळे अर्थ दिले जातात. यांपैकी शेवटचा अर्थ संस्थेच्या पुढील कार्याशी इतका नेमका जुळतो की तो मागाहून बसवला गेला असावा, असे वाटते.

लायन्सच्या स्थापनेबाबत मतभेद अधिक आहेत. संस्थेच्या अधिकृत इतिहासानुसार शिकागोतील विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स हे संस्थापक. आपल्या ‘बिझनेस सर्कल’ या व्यावसायिकांच्या क्लबने धंद्यापलीकडे पाहावे, या आग्रहातून त्यांनी ७ जून १९१७ रोजी निरनिराळ्या क्लबांच्या प्रतिनिधींची बैठक बोलावली. दुसरीकडे, इव्हान्सव्हिल येथील डॉ. विल्यम वुड्स यांनी लायन्स याच नावाची संघटना १९१६ मध्ये इंडियाना राज्यात नोंदवलेली होती आणि ऑक्टोबर १९१७ च्या डॅलस अधिवेशनात पहिले अध्यक्ष म्हणून निवड झाली तीही वुड्स यांचीच. जोन्स यांच्याकडे चिटणीसपद आले. नाव आणि नोंदणी वुड्स यांची, तर आजच्या स्वरूपातील संघटन आणि पुढील अनेक दशकांची बांधणी जोन्स यांची, अशी विभागणी कागदपत्रांशी अधिक सुसंगत ठरते. सभासदांचा आर्थिक लाभ हे क्लबचे उद्दिष्ट असू नये, असे लायन्सने आरंभीच लिहून ठेवले. रोटरी आणि किवानिस ज्या ठिकाणी काही वर्षांनी पोहोचले, तेथून लायन्सची सुरुवात झाली. म्हणून सेवा क्लबांचा काळ स्थापनेच्या तारखांवरून ठरवण्यापेक्षा, परस्परलाभाकडून सेवेकडे वळण्याच्या या साधारण १९०६ ते १९२० च्या टप्प्यावरून ठरवणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटते.

रचनेत मूळ घटक स्थानिक क्लब. तो आधीच्या एखाद्या क्लबच्या पुरस्काराने उभा राहतो आणि मध्यवर्ती संघटनेकडून सनद मिळवतो. अनेक क्लब मिळून प्रांत (डिस्ट्रिक्ट) होतो व त्यावर प्रांतपाल (गव्हर्नर) असतो. रोटरी आणि लायन्समध्ये पदाधिकारी १ जुलैपासून एका वर्षासाठी असतात. अध्यक्षपद फिरते राहिल्याने मक्तेदारी होत नाही. मात्र दीर्घ मुदतीचा प्रकल्प पुढच्या अध्यक्षाच्या आवडीनिवडीवर अवलंबून राहतो, हा या पद्धतीचा खरा दोष आहे आणि चांगले क्लब तो स्थायी समित्या नेमून भरून काढतात.

व्यवसाय-वर्गीकरणाचे तत्त्व हे रोटरीचे वैशिष्ट्य. मूळ नियमानुसार एका क्लबमध्ये एका व्यवसायाचा एकच सभासद घेता येई. त्यामागे दोन हेतू होते : एकाच धंद्यातील स्पर्धक समोरासमोर येऊ नयेत आणि क्लब हा गावातील सर्व व्यवसायांचा छोटा नमुना व्हावा. पहिला हेतू उघडच परस्परलाभाच्या काळातला. सेवेचे कलम आल्यावर दुसऱ्याला महत्त्व आले, कारण डॉक्टर, अभियंता, शिक्षक आणि हिशेबनीस एकाच टेबलाभोवती असले की प्रकल्पाला लागणारी बहुतेक कौशल्ये घरचीच मिळतात. पुढे हा नियम बराच सैल झाला.

निधी उभारणीसाठी मनोरंजनाचे कार्यक्रम, लिलाव, शर्यती, स्मरणिकांतील जाहिराती असे मार्ग वापरले जातात. त्यांहून महत्त्वाची हिशेबाची शिस्त आहे. लायन्सच्या नियमांनुसार क्लबला दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. प्रशासकीय खात्यात सभासदांची वर्गणी जमा होते. सभा, जेवणे, छपाई यांचा खर्च त्यातून भागवायचा. लोकांकडून मिळालेला पैसा सेवाखात्यात जातो आणि तो लोकांसाठीच वापरावा लागतो. सेवा क्लबवरील समाजाचा विश्वास या एका नियमावर उभा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. स्थानिक निधीला आंतरराष्ट्रीय न्यासांची जोड मिळते. १९१७ मध्ये रोटरीचे तत्कालीन अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी सुचवलेल्या रोटरीच्या कायम निधीत पहिली देणगी अवघी २६.५० डॉलरची पडली. १९२८ मध्ये त्यास रोटरी फाउंडेशन हे नाव मिळाले. लायन्सचा न्यास १९६८ चा आहे.

प्रकल्पांचे स्वरूप रक्तदानापासून वृक्षलागवडीपर्यंत सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन कार्यांचा मात्र स्वतंत्र उल्लेख हवा. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये ओहायोतील सीडर पॉइंट येथे लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी कार्य करण्याचे आवाहन केले आणि दृष्टिरक्षण हे त्या संघटनेचे प्रमुख कार्य बनले. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपीन्समध्ये पोलिओ लसीकरणास साहाय्य दिले, १९८५ मध्ये पोलिओप्लस ही जागतिक मोहीम जाहीर केली आणि १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींच्या बरोबरीने निर्मूलन कार्यक्रमात भाग घेतला. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. लस सरकारी यंत्रणेची असली, तरी बूथवर उभे राहणारे आणि घरोघरी समजूत घालणारे हात अनेक ठिकाणी क्लबच्या सभासदांचे होते.

भारतातील पहिला रोटरी क्लब १९२० मध्ये सनद मिळालेला कलकत्त्याचा. त्याच क्लबचे नितीश लाहरी १९६२-६३ मध्ये रोटरीचे पहिले आशियाई जागतिक अध्यक्ष झाले. लायन्सचा भारतातील पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. नाना चुडासमा यांनी मुंबईतच १९७२ मध्ये जायंट्स ही संघटना सुरू केली. तिचे मूळ अमेरिकेत नाही. यूरोपातील प्रसार निर्वेध नव्हता. जर्मनीत नाझी राजवटीच्या दडपणाखाली १९३७ मध्ये रोटरी क्लब विसर्जित झाले, तर कॅथलिक चर्चने १९५०-५१ च्या सुमारास धर्मगुरूंना रोटरीचे सभासद होण्यास मनाई केली. फ्रीमेसनांशी कल्पिलेले साम्य हे या अविश्वासाचे एक कारण होते.

स्त्रियांना या क्लबांची दारे उशिरा उघडली. रोटरी सभासदांच्या पत्नींनी मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये मँचेस्टर येथे इनर व्हील हा निराळा क्लब काढला. झोन्टा (१९१९) आणि सोरॉप्टिमिस्ट (१९२१) हे मुळातच व्यावसायिक स्त्रियांचे क्लब होते. कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे येथील रोटरी क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा मध्यवर्ती संघटनेने त्याची सनदच काढून घेतली. न्यायालयीन लढा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ४ मे १९८७ रोजी निकाल ड्युआर्टेच्या बाजूने लागला. लायन्सने त्याच वर्षी स्त्रियांना प्रवेश दिला. रोटरीने १९८९ मध्ये घटनेतील ‘पुरुष’ ही अट जगभरासाठी वगळली. जागतिक अध्यक्षपदी स्त्री येण्यास लायन्समध्ये २०१८ (गुड्रून इंगव्हाडॉटिर, आइसलँड) आणि रोटरीत २०२२ (जेनिफर जोन्स, कॅनडा) उजाडावे लागले.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य देशांत सभासदसंख्या घटू लागली, तर आशियात ती वाढली. तरुणांसाठी लिओ (१९५७), इंटरॅक्ट (१९६२) आणि रोटरॅक्ट (१९६८) हे उपक्लब निघाले. साप्ताहिक सभेच्या उपस्थितीबाबत रोटरी पूर्वी फार कडक असे. लागोपाठ चार सभा चुकल्यास सभासदत्व धोक्यात येई आणि परगावी असलेला सभासद तेथील क्लबच्या सभेला बसून हजेरी भरून काढी. या सक्तीमुळेच परक्या शहरात ओळखी होत, हे तिचे अलिखित फळ होते. २०१६ पासून क्लबांना महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची मुभा आहे.