पुराव्याधिष्ठित उपचार आणि नवे तंत्रज्ञान : ठाणे–नवी मुंबईतील आरोग्य कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन

एखादा उपचार वर्षानुवर्षे चालत आला म्हणून न करता, तो गुणकारी असल्याचे पद्धतशीर अभ्यासांतून दिसले आहे म्हणून करणे, याला पुराव्याधिष्ठित उपचारपद्धती म्हणतात. या पद्धतीबद्दल आणि तिच्यासोबत दवाखान्यात येणाऱ्या यंत्रांबद्दल, ॲपबद्दल डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) आणि आशा (गावपातळीवरची आरोग्य स्वयंसेविका) यांना काय वाटते, आणि तसे का वाटते, हा या नोंदीचा विषय आहे. ही संज्ञा १९९०च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट यांनी रूढ केली. डेव्हिड सॅकेट व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिचा अर्थ नेमका केला : उपलब्ध असलेला उत्तम पुरावा, उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची इच्छा यांचा मेळ. आपल्याकडे यातला पुरावा परिपत्रकातून येतो, अनुभव वॉर्डात मिळतो, आणि रुग्णाची इच्छा विचारायला ओपीडीच्या रांगेत वेळ उरत नाही.

हा दृष्टिकोन मोजण्यासाठी ग्रेगरी आरन्स यांनी २००४ मध्ये १५ प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. नवी पद्धत पटते का, वरून आदेश आला तर वापराल का, नवे करून पाहायची तयारी आहे का, आणि संशोधन आपल्या कामापासून दूरचे वाटते का, असे तिचे चार भाग आहेत. यंत्रांच्या बाबतीत फ्रेड डेव्हिस यांचा १९८९ चा सिद्धांत वापरला जातो : वस्तू उपयोगाची वाटली आणि वापरायला सोपी वाटली, तर माणूस ती स्वीकारतो. मात्र अशा मोजपट्ट्यांवरचे उत्तर आणि प्रत्यक्ष वागणूक यांत अंतर राहते. हात धुवू नयेत असे म्हणणारी परिचारिका कोठेही सापडणार नाही. तरीही बेसिन वॉर्डाच्या टोकाला असेल आणि एका सिस्टरकडे तीस रुग्ण असतील, तर दोन खाटांमध्ये हात धुतले जात नाहीत. तिथे प्रश्न मताचा नसतो. खाटेजवळ हात निर्जंतुक करायच्या द्रावणाची बाटली ठेवली की वागणूक बदलू लागते.

ठाणे आणि नवी मुंबईत या विषयाची दोन्ही टोके शंभर किलोमीटरच्या आत दिसतात. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक, म्हणजे कर्करोगावरचे उपचार व संशोधन केंद्र, आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी पेशी उपचाराला (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडल्या जातात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. मधल्या पट्ट्यात कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचे सिव्हिल, वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची पालिका रुग्णालये आहेत. पुढे शहापूर–मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातले उपकेंद्र येते, जिथे मोबाइलची रेंज मिळणे हाच रोजचा प्रश्न असतो.

सर्पदंशाचे उदाहरण इथे फार बोलके आहे. भाताची लावणी सुरू झाली की शहापूर–मुरबाडकडे दंशाचे रुग्ण येऊ लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविष लस उपलब्ध आहे. घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात भिनले का, हे पाहायला २० मिनिटांची साधी चाचणी आहे : दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचे, नळी अजिबात न हलवता ठेवायची आणि २० मिनिटांनी रक्त गोठले का ते पाहायचे; गोठले नाही तर विष भिनले आहे. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. तरी अनेकांचा तिच्यावर विश्वास नसतो, आणि या अविश्वासाला कारण आहे. नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल किंवा काचेऐवजी प्लास्टिकची असेल, तर निकाल चुकतो. ‘या टेस्टचा भरवसा नाही’ असे म्हणणारी व्यक्ती बहुधा अशाच नळीचा अनुभव सांगत असते. तिचे म्हणणे पुराव्याच्या विरोधातले नाही; ती स्वतःच एक निरीक्षण नोंदवत असते, फक्त ते विचारायला कोणी येत नाही.

प्रतिविषाचेही तसेच. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या द्याव्यात, सोबत ॲलर्जीची तीव्र रिॲक्शन आल्यास द्यायचे ॲड्रिनॅलिन भरून तयार ठेवावे, हे प्रशिक्षणात ऐकलेले असते. पण रात्री एकटा वैद्यकीय अधिकारी, बाहेर पन्नास नातेवाईक, आणि लस देताच रुग्णाला थंडी वाजून अंगावर गांधी उठू लागल्या, तर पुढच्या वेळी हात आखडतो. मग ‘ठाण्याला घेऊन जा’ हेच सुरक्षित वाटते, आणि मोलाचा वेळ रस्त्यात जातो. अशी भीती व्याख्यानाने जात नाही. जाणत्या सहकाऱ्याच्या शेजारी उभे राहून दोन-तीन रुग्ण सांभाळल्यावर ती जाते. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, तोही ग्रामीण रुग्णांच्या खाटेशी बसून. पुरावा नेहमी परदेशातून येतो हा समज त्यांच्या कामाने खोटा ठरवला.

प्रसूतिगृहात नवी रीत रुजते की नाही, हे बऱ्याच अंशी इन्चार्ज सिस्टरवर ठरते. बाळ जन्मल्यावर मिनिटाच्या आत आईला १० युनिट ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारे औषध) देणे पटकन रुळले, कारण कमी झालेला रक्तस्राव डोळ्यांना दिसतो. नाळ एक ते तीन मिनिटे थांबून कापणे त्या मानाने हळू रुळते. त्याचा फायदा बाळाच्या रक्तातल्या लोहात होतो आणि तो सिस्टरला दिसत नाही. पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना प्रसूतीची प्रगती नोंदवायचा तक्ता, अनेकदा प्रसूती उरकल्यावर भरला जातो. ज्या कागदाकडे पाहून निर्णय घ्यायचा, तो केसपेपर पूर्ण करण्यासाठी भरला, तर त्याचा उपयोग काय, हे शिकाऊ मुलींना सांगितलेच पाहिजे.

यंत्रांपैकी क्षयरोगाच्या निदानातले सीबीनॅट हे जंतूंचा डीएनए शोधणारे यंत्र सहज स्वीकारले गेले. सुमारे दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधाला होणारा प्रतिरोध दोन्ही कळतात. प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. नोंदींच्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र नाराजी आहे, आणि ती रास्त आहे. क्षयरोगासाठी निक्षय, लसीकरणासाठी यू-विन, शिवाय आभा कार्ड (रुग्णाचा डिजिटल आरोग्य क्रमांक), आणि एवढे करून कागदी रजिस्टरही सुटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनी संप केला, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती हाही तक्रारीचा मुद्दा होता. याला तंत्रज्ञानविरोध म्हणणे चुकीचे आहे. स्वतःचा मोबाइल, स्वतःचा डेटा आणि दुप्पट काम देऊन ‘सकारात्मक दृष्टिकोन ठेवा’ असे सांगणे अन्यायाचे आहे.

कर्मचारी पुरावा केवळ वापरतात असे नाही, तो घडवतातही. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी व्हिनेगरच्या चाचणीचा (गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे डाग उमटतात का ते पाहणे) मोठा अभ्यास सुरू केला. तपासणी होणाऱ्या आणि न होणाऱ्या अशा दोन गटांत प्रत्येकी सुमारे ७५ हजार स्त्रिया होत्या आणि तपासणी डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्यसेविकांनी केली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी हीच चाचणी घेतली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिच्याऐवजी एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) डीएनए चाचणीची शिफारस केली. तिच्यासाठी प्रयोगशाळा आणि खर्च दोन्ही जास्त लागतात, पण नमुना स्त्रीला स्वतःचा स्वतः घेता येतो. पुढे हा बदल उपकेंद्रापर्यंत आला, तर व्हिनेगरच्या चाचणीवर हात बसलेल्या सिस्टरांना ती सोडून नवी शिकावी लागेल.