ई-वन कार्ड परत पाठवण्याआधी: ट्रान्समीटर चिप आणि तिचे सेटिंग

आमच्याकडे दुरुस्तीला येणारी बरीचशी ई-वन कार्डे (ई-वन ही दूरसंचारातली डिजिटल लाइन) ठणठणीत असतात. फक्त एखादा डिप स्विच, म्हणजे कार्डावरचा सेटिंगचा इवलासा स्विच, भलत्या बाजूला असतो. कुरिअरचा भुर्दंड तुम्हाला, आणि कार्ड परत येईपर्यंत लाइनही तुमचीच बंद. ते टाळता यावे म्हणून ही माहिती.

ई-वन लाइनवरून सेकंदाला २०,४८,००० बिट जातात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला ४८८ नॅनोसेकंद येतात. कार्डाच्या आत हे बिट साध्या शून्य-एकच्या रूपात असतात. लाइनच्या तोंडाशी बसलेली ट्रान्समीटर चिप त्यांना तारेला मानवेल असा आकार देते. ‘एक’ आला की ती २४४ नॅनोसेकंदांचा, म्हणजे बिटाच्या अर्ध्या वेळेचा, पल्स सोडते. ‘शून्य’ आला की गप्प राहते. लागोपाठचे पल्स आळीपाळीने धन आणि ऋण असतात. त्यामुळे लाइनवर डीसी साचत नाही आणि सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून आरपार जातो. (ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून विजांची काळजी नको, असे मात्र नाही. एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या फ्रेमवर, सर्ज प्रोटेक्टर हवाच.)

पलीकडचा रिसीव्हर आपले क्लॉक या पल्सवरूनच काढतो. शून्यांची रांग लागली तर त्याचा ठेका चुकतो. यावर एचडीबी-थ्री कोडिंगचा उपाय आहे. सलग चार शून्ये आली की चिप चौथ्या जागी मुद्दाम नियम मोडून आधीच्याच दिशेचा पल्स टाकते, आणि गरज असेल तर पहिल्या जागीही एक भरतीचा. रिसीव्हर ही खूण ओळखून शून्ये परत बसवतो. एका टोकाला एचडीबी-थ्री आणि दुसऱ्या टोकाला नुसते एएमआय (शून्यांची भरपाई न करता फक्त आळीपाळीचे धन-ऋण पल्स) ठेवले तर चुका डेटानुसार येतात-जातात. हा दोष शोधताना भले भले थकतात.

आता मुख्य गोष्ट, लाइनचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ७५ की १२० ओहम. बीएनसी कनेक्टरची कोअॅक्स केबल असेल तर ७५, क्रोनवर (तारा दाबून बसवायच्या जोडपट्टीवर) बांधलेली ट्विस्टेड पेअर असेल तर १२०. जी.७०३ मानकानुसार पल्सची उंची पहिल्यात २.३७ व्होल्ट, दुसऱ्यात ३ व्होल्ट. आकडे वेगळे दिसले तरी हिशेब केल्यास पल्सची शक्ती दोन्हीकडे जवळपास ७५ मिलिवॅटच निघते. सेटिंग चुकले की पल्सची उंची बिघडते. शिवाय ७५ची लाइन १२०च्या टोकाला भिडली तर सुमारे २३ टक्के व्होल्टेज मागे फिरते.

मग सेटिंग चुकलेले तेच कार्ड आमच्या टेबलावर बरोबर का चालते? केबलमध्ये पल्स मायक्रोसेकंदाला साधारण २०० मीटर धावतो, म्हणजे तारेवर तो जवळजवळ ५० मीटर पसरलेला असतो. दोन मीटरच्या केबलवर परतलेला भाग मूळ पल्समध्येच विरून जातो. साइटवर शंभर मीटर केबल असेल तर तोच भाग दोन बिट उशिरा, भलत्याच बिटावर येऊन पडतो. एका टोकाला कोअॅक्स आणि दुसऱ्याला पेअर असेल तर मधे बलून (७५ आणि १२० ओहमची सांगड घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावा. नुसता स्विच फिरवून भागणार नाही. स्विच बदलल्यावर कार्ड बंद करून पुन्हा चालू करा, कारण चिप तो सुरू होतानाच वाचते.

सेटिंगच्या मेन्यूत केबल किती फूट, असा प्रश्न दिसला तर तुम्ही टी-वन मोडमध्ये शिरला आहात. ती अमेरिकेतली १.५४४ मेगाबिटची पद्धत आहे, भारतात तिथून मुकाट्याने बाहेर पडा.

ऑसिलोस्कोपवर सहा व्होल्ट दिसतात, चिप जळाली, असा फोन आम्हाला अधूनमधून येतो. लाइन काढून उघड्या टोकावर मोजले की उंची जवळपास दुप्पटच दिसते. टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर लावून मोजा.

पेअरमधल्या दोन तारा उलट लागल्या तर बिघडत नाही, कारण पल्स तसेही धन-ऋण असेच येतात. पण पाठवायची पेअर आणि घ्यायची पेअर यांची अदलाबदल झाली तर लाइन मुकी होते. ही चूक सर्वांत सोपी असल्यामुळे शेवटी तपासली जाते, ती आधी तपासा.

एवढ्यानेही जमले नाही तर मेन्यूतून ‘सर्व एक’ पाठवा. पलीकडच्या उपकरणावर एआयएसचा (सलग एकच येत असल्याचा) अलार्म आला तर तुमची चिप, ट्रान्सफॉर्मर आणि केबल तिन्ही धडधाकट आहेत. दोष फ्रेमिंगमध्ये (बिटांच्या गटवार मांडणीत) किंवा क्लॉकमध्ये शोधा. अलार्म आला नाही तर लोकल लूप लावा, म्हणजे कार्डाने पाठवलेला सिग्नल त्यालाच परत द्या. लूपमध्ये कार्डाचा दिवा हिरवा झाला तर आधी केबल तपासा. चाचणी संपली की लूप आठवणीने काढा. राहिलेल्या लूपमुळे दिवसभर डोके धरून बसलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर एकदा आम्हीही बसलो होतो.

लूपमध्येही दिवा लालच राहिला तर कार्ड पाठवा. सोबत स्विचचा फोटो, केबलचा प्रकार आणि अंदाजे लांबी कळवा.