गिळला, पण पचला नाही

मार्च १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले. त्याच वर्षी इटलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटा टोचला आणि काट्याभोवती जमा होणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशी शरीरातच असतात, हा विचार तिथून रुजला. गंमत अशी की कॉख यांचा जिवाणू राहतो तो नेमका मेचनिकॉफ यांच्या या भक्षक पेशींमध्ये.

भक्षक पेशी जिवाणूला आत घेते तेव्हा त्याच्याभोवती पातळ पटलाची पिशवी तयार होते. पिशवीत आम्लता वाढत जाते आणि शेवटी ती पाचक विकरांनी भरलेल्या लायसोसोमला जाऊन मिळते. तिथे जिवाणूचा निकाल लागतो. क्षयाचा जिवाणू ही शेवटची भेटच होऊ देत नाही. त्याच्या मेणचट आवरणातले मेद आणि त्याने सोडलेली प्रथिने पेशीच्या आतली वाहतूक बिघडवतात, त्यामुळे पिशवी अर्धवटच राहते. प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने (अँटिबॉडी), रक्तात कितीही फिरली, तरी पेशीच्या आत त्यांचा फारसा उपयोग होत नाही. मला या साऱ्या विषयात सर्वांत थक्क करते ती हीच गोष्ट: जिथे मरायचे, तिथेच त्याने बिऱ्हाड थाटले आहे.

शरीर मात्र हात टेकत नाही. बाधित पेशींभोवती आणखी पेशी येऊन घट्ट गराडा घालतात आणि गाठ तयार होते. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जिवाणूची लागण झालेली असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांच्या स्थितीला आपण ‘सुप्त’ म्हणतो. हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण शरीर अजिबात झोपलेले नसते. संधिवातावर टीएनएफ या संदेशवाहक प्रथिनाला रोखणारी औषधे आली, तेव्हा ती घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये जुना क्षय उसळून आला. गराडा टिकवायला ते प्रथिन रोज लागत होते, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच ही औषधे सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

इतर जिवाणूंच्या तऱ्हा वेगळ्या. प्रतिपिंडाचे एक टोक जंतूला चिकटते आणि दुसरे भक्षक पेशीला धरायला मोकळे राहते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आपल्या ‘प्रोटीन ए’ या प्रथिनाने प्रतिपिंडाला उलट्या बाजूने पकडतो, मग भक्षक पेशीला धरायला मूठच उरत नाही. परम्याचा (गनोरिया) जिवाणू पृष्ठभागावरच्या केसासारख्या तंतूंची रचना सतत बदलतो, त्यामुळे काल ओळखलेला चेहरा आज निरुपयोगी ठरतो. विषमज्वराचा जिवाणू पित्ताशयात, बऱ्याचदा पित्तखड्यांवर चिकट थर करून राहतो. असा माणूस स्वतः ठणठणीत असूनही वर्षानुवर्षे रोग पसरवू शकतो.

आणि काही जिवाणू तर फक्त थांबतात. १९४४ मध्ये जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना आढळले, की पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही स्टॅफिलोकॉकसचे मोजके जिवाणू वाचतात, पण त्यांची पुढची पिढी मात्र पेनिसिलिनला बळी पडते. म्हणजे ही औषधाला मुरलेली जात नव्हती. पेनिसिलिन वाढत्या जिवाणूची भिंत बांधणे बिघडवते. जो वाढतच नाही, त्याचे ते काय बिघडवणार? पुढे साल्मोनेलावरच्या (विषमज्वराचा जिवाणू याच कुळातला) प्रयोगांत दिसले, की भक्षक पेशीने गिळल्यावर त्यातले काही जिवाणू असेच स्तब्ध होतात. म्हणजे गिळण्यानेच त्यांना निजवले.

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो तो बराचसा अशा मंदावलेल्या जिवाणूंमुळे. काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, वजन वाढू लागते, कारण भराभर वाढणारे जिवाणू आधी मरतात. उरलेल्या महिन्यांच्या गोळ्या असतात त्या मागे राहिलेल्या थोड्यांसाठी, ज्यांचे एकही लक्षण रुग्णाला जाणवत नाही.