उष्मा-जोखीम मापन (नाशिकच्या वस्त्या)

उन्हाळ्यात कुठल्या वस्तीला किती धोका आहे हे ठरवायला लागणारी माहिती शोधणं आणि जुळवणं म्हणजे उष्मा-जोखीम मापन. नाशिकचं नाव थंड हवेचं, म्हणून इथे हा विषय मागेच पडतो. सपाट भागात उष्णतेची लाट धरायला हवामान खात्याला आधी ४० अंश लागतात आणि वर सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त (किंवा मग थेट ४५), त्यामुळे कागदावर लाट नसते आणि सातपूर-अंबड या औद्योगिक भागांकडच्या पत्र्याच्या खोल्यांत माणसं उकडून निघत असतात.

शहर आजूबाजूच्या मोकळ्या भागापेक्षा जास्त गरम राहतं, त्याला 'उष्णता-बेट' म्हणतात. हा शब्द इंग्रज हवामान-अभ्यासक गॉर्डन मॅनली यांच्या १९५८ च्या लेखातून आला असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, पण १९४० च्या दशकातल्या इंग्रजी लिखाणात आणि बहुधा त्याही आधी जर्मनमध्ये तो सापडतो, त्यामुळे सगळं श्रेय मॅनलींना देणं ताणलेलं वाटतं. मूळ निरीक्षण तर ल्यूक हॉवर्ड यांचं, लंडनचं, साधारण १८१८ चं. हे उगाळायचं कारण असं की हॉवर्ड हवेचं तापमान मोजत होते आणि शहराचा फरक त्यांना रात्री जास्त दिसला. आज नकाशे बनतात ते उपग्रहावरून, आणि त्यात दिसतं ते पृष्ठभागाचं, म्हणजे छत-रस्ता-जमिनीचं तापमान.

लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह मिळून साधारण आठ दिवसांनी एकदा वरून जातात, तेही सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे रात्रीचा उकाडा त्यात नाहीच. त्यात नवा चकचकीत पत्रा उष्णता-किरण कमी सोडतो म्हणून तो असतो त्यापेक्षा गार दिसतो, गंजलेला किंवा रंगवलेला तेवढा फसवत नाही. म्हणजे आतली खोली तापलेली आणि नकाशात तीच जागा निळसर! नुसत्या अशा नकाशावरून धोक्याच्या वस्त्यांची यादी करू नये.

छत पत्र्याचं की स्लॅबचं हे जनगणनेत मिळतं, पण हाताशी आहे ती २०११ ची, तेव्हा शहर साधारण १४.८६ लाखांचं होतं. तिच्यात सरकारी यादीत नसलेली झोपडपट्टी धरायला साठ-सत्तर घरं सलग लागतात, नाल्याकाठची वीस घरं सुटतात.

मृत्यूंचं आणखी अवघड. घरचे 'ऊन लागलं' म्हणतात, दाखल्यावर बहुतेकदा हृदयविकार येतो. म्हणून एकूण मृत्यू मोजणं बरं, अहमदाबादेत मे २०१० मध्ये असेच नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले आणि २०१३ ला तिथे उष्मा कृती आराखडा आला.

खोलीतलं मोजमाप सगळ्यात मोलाचं. तापमान नोंदणारं छोटं यंत्र चुलीपासून लांब, अंथरुणाच्या उंचीवर टांगायचं, आर्द्रतेसकट, रात्रभर. पत्र्यावर ओलं गोणपाट कधी टाकलं, लाइट कधी गेली, नळाला पाणी किती वाजता आलं आणि बाज दारात कधी काढली, हे घरातल्या बाईला विचारून वहीत त्याच तारखेखाली लिहायचं.