घाटात गाडीचा पिकअप गेला, तर आधी काय तपासायचं?

दहा-बारा वर्षं वापरलेली, दीड-दोन लाख किलोमीटर झालेली डिझेल एसयूव्ही सपाट रस्त्यावर सहसा कुरकुर करत नाही. खंबाटकी किंवा कसारा घाटात सात माणसं आणि टपावर सामान घेऊन चढायला लागली की तिची खरी हालत कळते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग वाढत नाही, मागे काळा धूर सुटतो, मध्येच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि मग इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जायलाच तयार नसतं. गाडी बंद करून पुन्हा सेल्फ मारला की थोडा वेळ सगळं ठीक. गॅरेजात यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात: टर्बो गेला, नाहीतर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) गेले. दोन्ही कामं महाग. टर्बो बदलल्यावरही तक्रार तशीच राहिली आणि शेवटी खालून चिरलेला एक रबरी होज सापडला, असं बरेचदा होतं. हे टाळायचं असेल तर पार्ट बदलण्याआधी मोजायला हवं. या गाड्यांत मोजण्यासारखं पुष्कळ काही असतं आणि त्यातलं निम्मं इंजिन न खोलता मोजता येतं.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल इंजिनात इंधन ऐन वेळी फवारलं जात असल्यामुळे हवेत नीट मिसळायला त्याला फार कमी अवधी मिळतो. त्यामुळे धूर होऊ द्यायचा नसेल तर हवा हिशोबापेक्षा बरीच जास्त द्यावी लागते. ही जादा हवा कोंबण्याचं काम टर्बो करतो. म्हणजे काळ्या धुराच्या मागे दोनच शक्यता: हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त, नाहीतर चुकीच्या तऱ्हेने पडतं आहे. हवेची बाजू तपासायला स्वस्त आणि सोपी, म्हणून सुरुवात तिथून करावी.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड मिळतो. पी०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी, पी००८७ म्हणजे रेलमधला (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) इंधनाचा दाब कमी, पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) जाणारा वायू अपुरा. इथे एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. पी०२९९ आला म्हणजे टर्बो खराब, असं त्या कोडमध्ये कुठेही म्हटलेलं नसतं. इसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) मागितला तेवढा दाब सेन्सरला दिसला नाही, इतकंच तो सांगतो. दाब का दिसला नाही, हे आपण शोधायचं. त्यासाठी कोडपेक्षा स्कॅनरमधले चालू आकडे उपयोगाचे. कोड पुसण्याआधी तो नोंदला गेला त्या क्षणाचे आरपीएम, लोड आणि तापमान लिहून घ्यावं. बरेच जण आधी कोड पुसतात आणि हाती आलेला पुरावा घालवतात.

पहिली तपासणी सेन्सरचीच करावी. चावी ऑन, इंजिन बंद. या स्थितीत मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत तो १०१० मिलीबारच्या आसपास, पुण्यात ९५०, महाबळेश्वरला सुमारे ८६५ दिसायला हवा. पुण्यात उभ्या असलेल्या गाडीत आकडा ८०० दिसला, तर सेन्सर काजळीने भरलेला आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे. असा चुकीचा आकडा इसीयूला मिळत असेल तर नवा टर्बो लावूनही फरक पडणार नाही. सेन्सर बरोबर असेल तर गाडी चढावर घेऊन जावं, तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा आणि शेजारी बसलेल्याने आकडे टिपावेत. निरोगी इंजिनात दोन हजार आरपीएमच्या पुढे एकूण दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून) साधारण २००० मिलीबार किंवा त्याहून जास्त होतो. मागितलेला दाब २१०० आणि मिळालेला १४०० असेल, तर हवा कुठेतरी गळते आहे किंवा टर्बोला कामच दिलं जात नाहीये. न्यूट्रलमध्ये रेस करून ही चाचणी होत नाही, कारण लोड नसताना बूस्ट जेमतेम तयार होतो. पीयूसीच्या धूर-चाचणीत पास झालेली गाडी घाटात काळा धूर ओकते, त्याचं एक कारण हेच.

गळती शोधायची तर टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक होज हाताने चाचपावा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, क्लिपच्या शेजारी किंवा वळणात असते. इंजिन बंद असताना तिच्या कडा मिटलेल्या असतात, त्यामुळे नुसती नजर फिरवून ती दिसत नाही. दाब वाढला की तोंड उघडतं. खूण एकच: त्या जागी तेलकट काळा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. होजच्या आत तेलाचा पातळ थर असणं जुन्या गाडीत नेहमीचंच, त्याने घाबरू नये. खात्री करायची असेल तर टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला बूच लावून रेग्युलेटरमधून अर्धा ते एक बार हवा भरावी आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारावं. बुडबुडे आले ती जागा गळकी. दाब एक बारच्या वर नेऊ नये.

होज चांगले निघाले तर टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे (पाती हलवणाऱ्या भागाकडे) वळावं. बदलत्या पात्यांच्या टर्बोत हा ॲक्च्युएटर बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन चालू करताच त्याची दांडी सुमारे सेंटीमीटरभर आत ओढली जाते, बंद केलं की परत येते. दांडी हलतच नसेल तर हातपंपाने थेट व्हॅक्यूम द्यावा. आता ती सहज हलली आणि जागेवर टिकली, तर ॲक्च्युएटर आणि पाती निर्दोष आहेत. दोष व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांमध्ये किंवा सोलेनॉइड (विजेवर उघडमीट करणाऱ्या) व्हॉल्व्हमध्ये आहे. इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेली नळी इथे वारंवार सापडते. दांडी व्हॅक्यूम देऊनही अडखळत असेल, तर पाती काजळीने जाम झालेली आहेत आणि टर्बो उतरवावा लागेल.

ईजीआरचं दुखणं जरा वेगळं. जळून गेलेल्या वायूचा काही भाग हा व्हॉल्व्ह पुन्हा आत सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. या वायूतली काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोकळीतून) येणारी तेलाची वाफ एकत्र आली की मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. चढावर इंजिनाला शुद्ध हवा हवी असते, नेमका तेव्हाच धूर आत येत राहतो. ओळखायचं ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवरून. २.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची जागा ५५० घनसेंटीमीटर. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना), ईजीआर पूर्ण बंद असताना, प्रत्येक स्ट्रोकला साधारण ५०० ते ५५० मिलिग्रॅम हवा जाते. ईजीआर उघडला की हा आकडा झपाट्याने खाली येतो. स्कॅनरमधून ईजीआर बंद करायची आज्ञा देऊनही आकडा तीनशेच्या घरात राहिला, तर व्हॉल्व्ह बसत नाहीये किंवा सेन्सर चुकतो आहे. व्हॉल्व्ह काढून हाताने साफ करावा. चालू इंजिनात क्लीनर फवारून काजळी सोडवण्याचा शॉर्टकट टाळावा. सुटलेला खपला थेट सिलिंडरमध्ये किंवा टर्बोच्या पात्यांवर जाऊ शकतो. ईजीआरला पत्र्याची चकती लावून कायमचं बंद करण्याची पद्धतही चुकीची. धूर तात्पुरता कमी होतो, पण विषारी वायू वाढतो, कायदा मोडतो आणि मूळ कारण तसंच राहतं.

हवेची बाजू साफ निघाली तर डिझेलकडे वळावं. कॉमन रेल प्रणालीत पंप डिझेलचा दाब आयडलला अडीचशे-तीनशे बारवर ठेवतो आणि पूर्ण लोडला तो १४०० ते १६०० बारपर्यंत नेतो. इंजिन चालू असताना या दाबाच्या डिझेल पाइपचा नट सैल करू नये. पूर्वीच्या इंजिनांत तशी पद्धत होती. इथे मात्र डिझेलची धार कातडी भेदून हातात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात जावं लागतं.

लोडवर मागितलेला दाब १४०० आणि मिळालेला १००० असेल तर स्वस्ताकडून महागाकडे जावं. आधी डिझेल फिल्टर बदलावा आणि जुन्याच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी निघतं का ते पाहावं. पावसाळ्यानंतर हे आवर्जून करावं, कारण पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलच पुरवतं आणि पाणी गेलं की काही मायक्रॉनच्या फटींवर बसवलेले भाग ओरखडतात. मग पंपाआधीच्या नळीत पारदर्शक तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावं. बुडबुडे म्हणजे कुठून तरी हवा शोषली जाते आहे. त्यानंतर रिटर्नची चाचणी: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या एकसारख्या चार बाटल्यांत सोडाव्यात, दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलला ठेवावं आणि पातळ्या पाहाव्यात. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं, तर त्या इंजेक्टरच्या आतल्या व्हॉल्व्हची बैठक झिजली आहे. रेलचा दाब तिथूनच निसटतो आहे. चारही सारखे आणि कमी असूनही दाब चढत नसेल, तर पंप किंवा रेलवरचा नियंत्रण व्हॉल्व्ह संशयित.

एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर आणखी एक सुंदर तपासणी आहे. आयडलला इंजिन सारखं फिरावं म्हणून इसीयू प्रत्येक सिलिंडरचं डिझेल किंचित कमी-जास्त करतो आणि तो फरक स्कॅनरवर दिसतो. समजा, तिसऱ्या सिलिंडरला इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल दिलं जातंय. तो दुबळा आहे हे कळलं, पण इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशनमुळे? तिसऱ्याचा इंजेक्टर पहिल्यावर आणि पहिल्याचा तिसऱ्यावर लावावा. इंजेक्टरवर कोरलेले जुळणीचे कोड इसीयूत त्याप्रमाणे अदलाबदल करावेत, तांब्याचे वॉशर नवे टाकावेत. फरकाचा आकडा पहिल्या सिलिंडरवर गेला तर इंजेक्टर खराब. तिसऱ्यावरच राहिला तर दोष व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा हेड गॅसकेटमध्ये (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलमध्ये). वॉशरवर पैसे वाचवू नयेत. जुना वॉशर नीट बसला नाही की सिलिंडरचा वायू इंजेक्टरच्या कडेने वर येतो, तिथे कोळशासारखा थर साचतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही.

घाटात गाडी गरमही होत असेल, तर गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नये. दाब सुटताच कूलंट उकळून अंगावर येतं. बाहेर थेंब न पडता कूलंट कमी होत असेल तर ईजीआर कूलर (परत सोडलेला वायू कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला आहे का, की हेड गॅसकेटमधून वायू शिरतो आहे, हे पाहावं. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून आतली हवा तिच्यातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग हिरवट-पिवळा होतो. पट्ट्यावर फिरणारा पंखा असलेल्या गाड्यांत व्हिस्कस क्लचही (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) तपासावा. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला तर तो जड लागायला हवा. भिरभिर फिरला तर आतलं सिलिकॉन गळून गेलं आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. काही इंजिनांत तो काढल्यावर बायपासचा रस्ता उघडाच राहतो, रेडिएटरकडे कमी पाणी जातं आणि गाडी उलट जास्त तापते. इतर इंजिनं थंड चालतात, डिझेल जास्त खातात आणि झिजतात.

हेड काढायची वेळ आलीच, तर खाली लोखंडी ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियम हेड आहे, हे ध्यानात ठेवावं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. अर्धा मीटर लांबीत, शंभर अंश तापमानवाढीत, हा फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त होतो आणि तो गॅसकेटला सोसावा लागतो. एकदा जोरात तापलेलं हेड वाकतं. सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासल्यावर ०.१ मिलिमीटरहून मोठी फट निघाली, तर फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवावं, आणि ते करता येतं का हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आधी पाहावं, कारण काही कंपन्या फेसिंगला परवानगीच देत नाहीत. ताणून बसवायचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. बऱ्याच डिझेल इंजिनांची गॅसकेट वेगवेगळ्या जाडीत मिळते आणि जाडी तिच्या कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. कोणती घ्यायची हे पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून ठरतं. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून गॅसकेट आणू नये, खाचा मोजून आणावी.