मंडईची रात्र कोणाची? विदर्भातल्या गाण्यांचे चढउतार

दिवाळी आटोपली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. त्यांच्यासोबत दरवर्षीचा वादही सुरू होतो: यंदा रात्री काय ठेवायचे? दंडारीचा जुना खेळ आता कोण बघणार, असे पोरे म्हणतात. नाटकात हल्ली नाचच फार, अशी म्हाताऱ्यांची तक्रार. लावणीचा कार्यक्रम आणा म्हणणाराही एक गट असतोच. वाद यंदाचा वाटला तरी त्यामागे निदान शंभर वर्षांची उलथापालथ आहे.

या भागाला झाडीपट्टी म्हणतात. तलाव, जंगल आणि धान. हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाची कापणी झाली की हातात थोडा पैसा आणि पुष्कळ मोकळा वेळ येतो. तेथून होळीपर्यंतचा काळ करमणुकीचा. या मोसमावर पूर्वी दंडारीचा आणि खडी गंमतीचा हक्क होता. दंडारीत नाच, गाणे आणि सोंग यांची सरमिसळ. खडी गंमत नावाप्रमाणे उभ्या-उभ्याच चालायची: डफ घेतलेला शाहीर, मागे ढोलकी, तुणतुणे आणि झांज, लुगडे नेसलेला नाच्या पोऱ्या आणि त्याची खोडी काढणारा सोंगाड्या. मंच नाही, पडदा नाही, प्रेक्षक चारही बाजूंनी. गण, गवळण, लावणी, मग कथा, आणि उजाडेपर्यंत शाहिरांचे सवाल-जवाब.

हे कमी का झाले, याचे उत्तर ‘सिनेमा आला’ एवढ्यावर संपवायची सवय आहे. ते अर्धेच खरे. सिनेमाने गर्दी ओढली हे कबूल. पण शाळा शिकलेल्या पोराला लुगडे नेसून नाचायची लाज वाटू लागली, हेही तेवढेच मोठे कारण. तशात त्याच गावात त्याच रात्री नाटक उभे राहिले.

या नाटकाची गोष्ट गमतीची आहे. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि पुण्या-मुंबईकडच्या संगीत नाटकाला उतरती कळा लागली. झाडीपट्टीत मात्र रंगमंचासमोर ऑर्गन आणि तबला घेऊन बसणारी मंडळी राहिलीच. शहराने टाकून दिलेला प्रकार इथे धानाच्या हंगामाला चिकटून जगला. आधी गावातलीच माणसे कामे करत, मग कलावंत बाहेरून येऊ लागले, पुढे व्यावसायिक कंपन्या झाल्या. या कंपन्यांचे ठाणे म्हणजे देसाईगंज, म्हणजेच वडसा. गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेमार्गावरचे हे स्टेशन बाहेरून येणाऱ्या कलावंतांना सोयीचे. गावातले मंडळ नाटक बोलावते, तिकिटे लावते, मंडप टाकते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, असा जोड कार्यक्रम ठरलेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, ती उठायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात पट थांबले, नाटके थांबली नाहीत.

मान मिळायला मात्र या रंगभूमीला फार थांबावे लागले. शहरातल्या नाट्यवर्तुळात ‘झाडीपट्टीचे’ म्हटले की भडक, आरडाओरड्याचे, असाच अर्थ घेतला जाई. २०२३ मध्ये गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांनी या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा ऐकले.

सरकारी मान आणि लोकांची गर्दी यांचा मेळ विदर्भात क्वचितच बसला. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. गावातल्या भजनी मंडळाचा जीव म्हणजे पेटी. आणि आकाशवाणीवर १९४० पासून पेटीलाच बंदी होती. ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांनी सिनेगीतांनाही आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केले. लोक रेडिओ सिलोन लावू लागले आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. लोकगीतांना रेडिओवर जागा होती, पण रात्रभराची गंमत काही मिनिटांत बसवायची म्हणजे सवाल-जवाब गेले आणि नुसती चाल उरली. पुढे नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र झाले, वृद्ध कलावंतांना मानधन मिळू लागले, विद्यापीठात प्रबंध लिहिले गेले. मानधन पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला. त्याच्या विशीत त्याला ढोलकीसाठी कोणी पैसे दिले नव्हते. माझ्या मते खडी गंमतीला प्रतिष्ठा मिळाली ती तिची गर्दी गेल्यावर, आणि तिला खरी गरज गर्दीचीच होती.

याला दोन ठळक अपवाद आहेत.

पहिला खंजिरी भजनाचा. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ मध्ये जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरी वाजवत गावोगाव भजने म्हणत. वाद्य म्हणाल तर एका हातात मावणारे, फकीर-जोग्यांच्या झोळीबरोबर दिसणारे. चाली सोप्या, शब्द मराठी आणि हिंदी दोन्ही, विषय देवाइतकेच गावच्या गटारीचे आणि दारूचे. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९४२ मध्ये चिमूर-आष्टीचा इंग्रजांविरुद्धचा उठाव झाला, आणि महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. भजनाला एवढे वजन येईल, असे खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनाही आधी वाटले नसावे. महाराज १९६८ मध्ये गेले. त्यानंतर हे गाणे टिकवले ते गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी, रोजच्या सामुदायिक प्रार्थनेने आणि अश्विन वद्य पंचमीच्या पुण्यतिथीने. नागपूर विद्यापीठाला महाराजांचे नाव २००५ मध्ये मिळाले. तोवर खंजिरीला कोणाच्या शिफारशीची गरज उरली नव्हती.

दुसरा अपवाद भीमगीतांचा. मुळे जुनी आहेत. नागपूरजवळच्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जातिभेदाविरुद्ध कविता रचत होते. गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या सत्यशोधकी जलशांमागून आंबेडकरी जलसे आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि लाखो लोकांचे जुने सण-उत्सव एका दिवसात मागे पडले. नव्या घराला नवी गाणी हवी होती: जन्माची, लग्नाची, जयंतीची. ती विदर्भात बऱ्याच अंशी कव्वालीच्या अंगाने आली. नागपुरात सूफी संत ताजुद्दीन बाबांच्या उरुसाची परंपरा होती, जुन्या मध्य प्रांतामुळे हिंदी-उर्दू कानावर होतीच, आणि सिनेमातल्या कव्वाल्याही तेव्हा जोरात होत्या. मग गावच्या चौकात गायक विरुद्ध गायिका असा जंगी मुकाबला, आणि मधूनमधून वहीत नाव लिहून घेत बक्षिसाच्या नोटा. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि ज्यांना रेडिओच्या ऑडिशनची पायरी चढता आली नव्हती, त्यांचा आवाज पानटपरीवर वाजू लागला. सिनेमाच्या चाली उचलल्या म्हणून या गाण्यांना नाके मुरडली गेली. तोच आरोप कीर्तनकारांवर कमी होतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या दोन्ही प्रकारांना पंचांगात हक्काचा दिवस आहे. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी: त्या दिवशी दुसरे काही चालत नाही. मंडईची रात्र तशी नाही. ती धानाची आहे, कोणत्याही एका गाण्याची नाही. म्हणून दंडारीच्या जागी नाटक आले, आणि उद्या नाटकाच्या जागी आणखी काही येऊ शकते. रात्रभराच्या कव्वालीला मात्र वेगळाच फटका बसला. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे रात्री दहानंतर भोंगा बंद. जो मुकाबला पूर्वी बाराला रंगात यायचा, तो आता दहाच्या आतच गुंडाळावा लागतो.

सध्या शिव्या खाण्याची पाळी धुमाल या वाद्यपथकाची आणि डीजेची आहे. नागपूर आणि छत्तीसगडच्या पट्ट्यात धुमाल वाजवणारी पोरे लग्नात, गणपतीत, दुर्गेच्या विसर्जनात आणि जयंतीच्या मिरवणुकीतही दिसतात. सुपारी मिळेल तेथे ती वाजवतात. स्वतःची अशी एकही तिथी त्यांच्याकडे अजून नाही.